नववीचा वर्ग आणि आपल्या बाई

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि मला फक्त बाई आठवल्या. नुसतं ‘बाई’ म्हटलं की इतिहासाच्या बाई, हे आपल्या पिढीतल्या कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही. इमारत, स्नेहसंमेलन, खो-खोचा संघ यांवर बाकीच्या जणी लिहितीलच.

आमची नववी १९८९ सालची. शाळा उघडली तेव्हा जिन्याजवळच्या फळ्यावर बाईंनी बीजिंगचं कात्रण लावलेलं होतं: रणगाड्यांच्या रांगेसमोर उभा एकटा माणूस. तिआनमेन चौकातली निःशस्त्र पोरं सैन्यानं चिरडली होती. त्यामुळे आपल्या नागपूरचा झेंडा सत्याग्रह शिकताना वर्ग आधीच तापलेला. महाल भागात राहणारी एक मैत्रीण उठून म्हणाली, “बाई, हाती बंदूक नसली तं सरकार आपलं काहून ऐकन?”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आत्तापासून खिडकीकडे बघायला बंदी. बघेल ती बाहेर.” पहिली तीच बाहेर गेली. मग तिच्या बाकावरची, मग मागची अख्खी रांग. व्हरांडा भरला, वर्ग ओस पडला. तेव्हा बाई दारात येऊन म्हणाल्या, “आता मी शिकवू कुणाला? तुम्ही बाकावर बसता म्हणून माझा हुकूम चालतो, पोरींनो.” आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी १९२३ सांगितलं. इंग्रज साहेबांच्या सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय झेंडा न्यायला बंदी, रोज नवी तुकडी निघायची, रोज पकडली जायची. जमनालाल बजाज आत गेले, वल्लभभाई आले. देशभरातून आलेले दीड हजारांवर लोक तुरुंगात गेले आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच बंदीच्या रस्त्यानं गेली.

मैत्रीण हटणारी नव्हती. “अन् तुमच्या हाती छडी असती तं?”

“एवढ्या जणींना मी एकटी कशी मारणार? चार मॉनिटर लागतील मला. त्या मारायला तयार होतात का, ते आधी बघायचं.”

हे उत्तर मला आयुष्यभर पुरलं. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सरकारविरुद्ध सत्तर हजार माणसं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळी चालवली नाही. महिन्यानं बर्लिनची भिंत उघडली. फिलिपिन्समध्ये, मनिलात, १९८६ साली सैनिक लोकांच्या बाजूला आले आणि हुकूमशहा मार्कोस पळाला. बीजिंगमध्ये एका सेनापतीनं हुकूम नाकारला होता, पण दुसऱ्या तुकड्या आल्या. तिथे मॉनिटर मिळाले!

म्हणून बाईंनी शस्त्र घेणाऱ्यांना कधी कमी लेखलं नाही. १९ जानेवारी १९४३ला नागपूरच्या तुरुंगात फाशी गेलेल्या, बेचाळीसच्या चळवळीतल्या शंकर महालेंबद्दल सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. चंद्रपूरकडचं चिमूरही त्या पुरतं सांगायच्या: १६ ऑगस्ट १९४२, पोलिसांचा गोळीबार, जमावानं मारलेले अधिकारी, मग गावावर आलेलं लष्कर आणि तिथल्या बायकांवर झालेले अत्याचार. त्या बायकांसाठी प्राध्यापक भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले, हे सांगितल्याशिवाय तास संपवायच्या नाहीत.

आज मी पुण्यात महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, पीएचडीही याच विषयात केली. १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ चळवळींचा अभ्यास झाला आहे. त्यात निःशस्त्र चळवळी ५३ टक्के यशस्वी ठरल्या, सशस्त्र २६ टक्के. आकडे बाईंच्या व्हरांड्याच्या बाजूचे आहेत आणि मीही त्याच बाजूची. पण दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला १९६० साली पोलिसांनी ६९ माणसं मारल्यावर मंडेलांनी शस्त्राची वाट धरली, ती मी वर्गात टाळत नाही. म्यानमारमध्ये २०२१च्या लष्करी बंडानंतर डॉक्टर, शिक्षक, कारकून कामावर गेले नाहीत. गोळ्या घालणारे मात्र सरकारला मिळत राहिले. तिथल्या मुलांनी मग बंदुका उचलल्या. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, बाईंचीही रेटली नसती.

हल्ली इतिहास म्हणजे रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. भाचीच्या वहीत झेंडा सत्याग्रह दोन ओळींत संपला, ते पाहून फार वाईट वाटलं. बाईंनी दर जानेवारीत घेतलेला नववीचा वादविवाद आता होत नाही असं कळलं. तो पुन्हा सुरू करावा, बाईंच्या नावानं. बक्षिसाची रक्कम मी देईन आणि परीक्षक म्हणून दरवर्षी स्वतः नागपूरला येईन.