दीडशे अक्षरांत मोडी

३० डिसेंबर २०२३, शनिवार. कॉलेजला नाताळची सुट्टी होती, माझी खोली मात्र उघडी होती. परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करणं हे माझं काम. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेजांची मुदत जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपते.

साडेदहाला ती आली, सोबत वडील. साताऱ्याकडचं कुटुंब. वडील साखर कारखान्यात कारकून, मुलगी शिकायला पुण्यात आत्याकडे. आर्थिक मदतीसाठी 'सीएसएस प्रोफाइल' हा घरच्या उत्पन्नाची माहिती देण्याचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, म्हणून वडिलांनी पगाराच्या स्लिपा आणि उत्पन्नाचा दाखला फाईलमध्ये नीट लावून आणला होता. येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांनाही घरची ऐपत न बघता निवडतात आणि निवड झाली की लागेल तेवढी मदत देतात. तिची सगळी भिस्त त्यांच्यावरच होती.

अर्जात विषय होता इतिहास. वडिलांनी स्क्रीनवर तो पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हे आत शिरण्यापुरतंच ना? आत गेल्यावर कॉम्प्युटर घेता येतं म्हणतात."

हे मी कितीतरी पालकांकडून ऐकलं आहे आणि दर वेळी मला वाईट वाटतं. कार्नेगी मेलनसारख्या ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेशच वेगळा असतो, नंतर तिकडे वळणं फार अवघड. येलसारख्या ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरवला तरी चालतो, हे खरं. पण तिथे अर्ज वाचणारा माणूस सगळा अर्ज वाचतो. इतिहास म्हणणाऱ्या मुलीने इतिहासाचं काय केलं, हे तो शोधतोच.

आणि तिच्या अर्जात ते कुठेच नव्हतं. उपक्रमांसाठी दहा जागा, प्रत्येकीत वर्णनाला दीडशे अक्षरं. रोबोटिक्स क्लब, कोडिंग स्पर्धा, मॉडेल युनायटेड नेशन्स, वृक्षारोपण. ऑक्टोबरमध्ये मीच ही यादी 'ठीक आहे' म्हणून पुढे जाऊ दिली होती. ती माझी चूक होती.

"इतिहासच का?" मी विचारलं. पाठ केल्यासारखं उत्तर आलं. मग सहज म्हटलं, "दिवाळीत काय केलंस?"

"मामांबरोबर तहसील कचेरीत बसले होते."

त्या दिवाळीत मराठ्यांना कुणबी जातीचे दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी राज्यभर जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधणं चालू होतं आणि मोडी लिपी वाचणारी माणसं जागोजाग हवी होती. तिच्या मामांना मोडी येते. आठवीपासून दर उन्हाळ्यात तीही त्यांच्याकडे शिकत होती. मी कागद पुढे केला. तिने आधी पानभर आडवी रेघ ओढली, मग त्या रेघेखाली हात न उचलता अक्षरं लिहीत गेली. "शब्द तोडून लिहीत नाहीत, मॅडम. ऱ्हस्व-दीर्घही नाही. शब्द कुठे संपला ते अर्थावरून ठरवायचं."

मग तिने एका जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची गोष्ट सांगितली. एका बाईच्या नावापुढे नुसतं 'कु.' होतं. शेजारी बसलेला एक जण म्हणाला, कुमारी असेल. "मी मागची-पुढची पानं चाळली. बाप्यांच्या नावापुढंही 'कु.' होतं. मग कुमारी कसं असेल? कुणबीच असणार. तरी मामा म्हणाले, आपण ठरवायचं नाही, वेगळ्या यादीत टाक आणि साहेबांना दाखव. कुणाचा तरी दाखला त्या अक्षरावर अडकलाय."

मी पेन खाली ठेवलं. पुरावा तपासणं, संदर्भ लावणं, खात्री नसेल तिथे थांबणं: इतिहासाचं काम म्हणतात ते हेच, आणि सतरा वर्षांची मुलगी ते करून आली होती.

"हे अर्जात का नाही लिहिलंस?"

"त्याचं सर्टिफिकेट नाही ना."

दुपारी कुणी जेवलं नाही. रोबोटिक्स खाली गेलं, मोडी पहिल्या जागी आली. तिने आधी इंग्रजीत 'प्राचीन हस्तलिखितं' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. वही शंभर-सव्वाशे वर्षांची, तेवढंच लिहायचं. साडेसहाशे शब्दांचा निबंध नेतृत्वगुणांवर होता. तो बाजूला ठेवून ती त्या एका अक्षरावर नव्याने लिहायला बसली. इंग्रजी अडखळत होतं, पण एक वाक्यही उसनं नव्हतं.

वडील तोवर गप्प होते. पाचच्या सुमारास म्हणाले, "आमच्याकडं माळ्यावर एक रुमाल आहे, कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. आजोबांच्या वेळचा. कुणी सोडलाच नाही कधी."

ती गर्रकन वळली. "बाबा! मला कधी सांगितलं नाहीत!" कापड कसलं आहे, वाळवी लागली आहे का, वरच्या कागदावर काय दिसतं, एकामागून एक प्रश्न. वडील आठवून आठवून सांगत होते. मी मध्ये बोलले नाही. आठवड्याला किती तास, वर्षातून किती आठवडे, तो रकाना स्क्रीनवर अजून रिकामाच होता.