डिकीवाली का विकली?

"डिकीवाली देऊन परत छोटी घेतलीस? हप्ते झेपेनात का?"

साताऱ्यात पोवई नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत, गॅरेजमध्ये, कुठंही गाठतात आणि विचारतात. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून पुढचा सल्लाही सोबत येतो, "आता तरी घे मोठी." मी दरवेळी पार्किंगचं कारण सांगतो. शनिवार पेठेतला आमचा बोळ ज्यानं पाहिलाय तो लगेच मान डोलावतो.

कारण खोटं आहे. २०१८ ची छोटी स्विफ्ट ३८४० मिलिमीटर लांब, त्या वेळची डिकीवाली डिझायर ३९९५. फरक पुरता एक वीतही नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क उतरवलं, तेव्हापासून डिकी त्या चार मीटरांतच कोंबून बसवायची कसरत सुरू झाली. पहिली डिझायर ४१६० मिलिमीटरची होती, २०१२ मध्ये तिचं शेपूट छाटून ३९९५ केलं. म्हणजे ज्या बोळात एक शिरते त्यात दुसरीही शिरते. माझी गाडी यांतली होती की दुसऱ्या कुणाची, त्याला महत्त्व नाही.

२०१८ च्या दसऱ्याला माझ्याकडे सगळं मिळून साडेसहा लाख होते. तेवढ्यात डिकीवालीचं सगळ्यात खालचं मॉडेल बसत होतं, नाहीतर हॅचबॅकचं, म्हणजे मागं डिकी बाहेर न आलेल्या छोट्या गाडीचं वरचं, मागच्या काचेला वायपर आणि रिव्हर्सला सेन्सर असलेलं. साताऱ्याच्या पावसात मागचा वायपर म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. तरी मी डिकी घेतली. "सामान लागतं हो," असं तेव्हा म्हणायचो. कागदावर ते बरोबरही होतं, स्विफ्टची डिकी २६८ लिटर, डिझायरची ३७८. पण तीन वर्षांत माझी डिकी गच्च भरली ती दोनदा. खरं सांगायचं तर ताईच्या सासरी दारात उभी केल्यावर 'गाडी' दिसावी, एवढंच मनात होतं. त्यात लाज कसली? पहिलीच गाडी होती घरातली.

आता विकली का, ते सांगतो. ताई, तुलाही हे आत्ताच कळतंय.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, पण गाडी रिव्हर्स घेताना मागं उभं राहायची सवय गेली नव्हती. शिट्टी नाही एवढंच, बाकी सगळं तसंच, "येऊ द्या, येऊ द्या." आमचा बोळ अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचा, त्यामुळे गाडी तोंड वर करून लावायची आणि मागच्या चाकाला दगड. निघताना दगड काढायचं काम अण्णांचं.

नोव्हेंबर २०२१, दिवाळी होऊन गेलेली. सकाळची वेळ. मी गाडी सुरू केली, काचा वर. अण्णा मागं गेले, आरशात त्यांची टोपी दिसली, मग ते वाकले आणि डिकीच्या आड गेले. मला "हां" ऐकू आलं. मी ब्रेक सोडून क्लच सोडला.

ते "हां" अण्णांचं नव्हतं. मी ऑफिसातल्या एकाशी स्पीकरवर बोलत होतो. "हां" त्याचं होतं.

दगड अजून निघालेला नव्हता. चाक त्यावर चढलं, दगड सरकला आणि अण्णांच्या डाव्या घोट्यावर आला. आवाज मोठा नव्हता. नारळ नीट न फुटता नुसता तडकतो, तसा. मी उतरून मागं पोचेपर्यंत शेजारचे काका आले होते आणि अण्णा जमिनीवर बसून त्यांना सांगत होते, "घसरलो हो. शेवाळ आहे इथं." दवाखान्यात केसपेपरवरही त्यांनी तेच लिहायला लावलं, घसरून पडले. पोलिसांची भानगड नको म्हणून असेल, किंवा माझ्यासाठी असेल. मी त्यांना विचारलेलं नाही. घोट्यात प्लेट बसली. घरी आणताना त्यांचा वॉकर डिकीत ठेवला, तेव्हा आत भरपूर जागा होती.

२०२२ मध्ये गाडी विकली, नुकसान सोसून. हिला सांगितलं, "त्या डिकीमुळे मागचं दिसत नाही." कॅमेरावाली हॅचबॅक घेतली.

आता वाटतं, हॅचबॅक असती तरी चाकापाशी वाकलेला माणूस आरशात दिसला नसता. सेन्सर असता तर? १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. मी नऊ महिने थांबलो असतो तर खालच्या मॉडेललाही ते मिळाले असते. हा हिशोब मी शंभरदा केलाय. पण आमच्या बोळात दोन्ही बाजूंना भिंती, सेन्सर तसाही कोकलत राहतो. आणि फोन चालू असताना मी तो ऐकला असता का? हिचं म्हणणं, गाडी बदलायची गरजच नव्हती. मी म्हणतो, होती. त्या डिकीकडे बघून रोज सकाळी पोटात कालवायचं, हे कारण पुरेसं नाही का? कधीकधी मलाच ते पुरत नाही.

म्हणून पार्किंग सांगतो. अण्णा अजून शेवाळच सांगतात, मग मी वेगळं काय सांगणार होतो?

ते अजूनही मागं उभे राहतात. नको म्हटलं तर ऐकत नाहीत, कॅमेऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. पडद्यावरच्या पिवळ्या-लाल रेषांमध्ये त्यांच्या चपला दिसतात, डावी जरा तिरकी पडलेली. मी फोन बंद करतो, काच खाली घेतो. "येऊ द्या," अण्णा म्हणतात. मी थांबतो. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ते दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत क्लचवरचा पाय हलत नाही.