छंद: वाचन

कॉलेजचा दर्जा तपासायला नॅकची टीम येणार म्हणून सगळे फायली शोधत पळताहेत, त्यात माझ्यापुढे एक फॉर्म येऊन पडला. एका रकान्यात 'टीचिंग फिलॉसॉफी, पन्नास शब्दांत', खाली 'छंद'. दुपारचे अडीच, बाहेर एप्रिलचं ऊन, स्टाफरूमचा कूलर नुसता आवाज करतोय, हवा नाहीच. एकोणीस वर्षं पोरांना लिहायला शिकवतेय पण फिलॉसॉफी वगैरे... एवढंच की पहिला परिच्छेद खोडा. 'मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे' हे खोडलं की खाली कुठेतरी गल्लीत आलेला टँकर सापडतो, आणि पाईप घेऊन त्याच्यामागे पळणाऱ्या काकू सापडल्या की मी खूश.

आणखी एक आहे, पण ते फॉर्मवर लिहिता यायचं नाही. मी 'राहिले' खोडत नाही.

म्हणजे पोरगं आमच्या नागपूरच्या बोलीत लिहितं, 'बाबा गाडी पुसून राहिले होते.' परीक्षेत खोडावंच लागतं, मार्कांचा प्रश्न असतो, पण वर्गातल्या वहीत पेन तिथेच अडतो. चौथीत असताना 'माझी आई' निबंधात मी लिहिलं होतं, आई भाकरी करून राहिली होती. बाईंनी लाल गोल केला, 'करत होती' दहा वेळा लिहून आण म्हणाल्या. रात्री स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहीत होते, आई समोरच, परातीत थपथप चालू, तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवता फिरवता म्हणाली, काय लिहून राहिली गं एवढं? मी वही मिटली. तिला काय सांगणार होते?

आणि आमचे आजोबा! मरेपर्यंत 'नाहीं', 'कांहीं'वर टिंब देत राहिले. १९६२ ला शुद्धलेखनाचे नियम आले, ती टिंबं गेली, 'कवि'चा 'कवी' झाला, १९७२ ला आणखी चार वाढून नियम अठरा झाले, म्हणजे हा माणूस घरबसल्या अशुद्ध झाला. त्यांची पत्रं तपासायला घेतली तर नापासच करावी लागतील. 'आणि'चा णि तेवढा ऱ्हस्वच राहिला, पोरं तरी तो दीर्घ करतात, आणि तो मात्र मी खोडते. का ते विचारू नका, खटकतं.

छंद म्हणाल तर रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन, नाक पुसत, सीताबर्डीच्या मेन रोडवर पाट्या वाचत हिंडणं. 'ऊसाचा रस' असं लिहिलेल्या गाडीवरचा रस 'उसाचा'पेक्षा गोड असतो असं माझं ठाम मत आहे, पण हे नॅकवाल्यांना कोण सांगेल.

तेवढ्यात शिपाईकाका दारात. "मॅडम, झालं का जी? सर फॉर्म मागून राहिले."

फिलॉसॉफीत 'विद्यार्थीकेंद्रित' लिहिलं, छंदात 'वाचन', आणि दिला. पन्नास शब्द काही भरले नाहीत.