वेंगुर्ल्यातला घरचा पाव

आज घरी पाव भाजला. इथल्या दमट उकाड्यात पीठ फुगायला एरवी सांगतात तसा दीड तास लागतोय कसला! पाऊण तासातच टोपाच्या काठाला टेकलं. नवशिक्यांनो, घड्याळ बघत बसू नका. पीठ दुप्पट झालं की बास.

मापं साधीच. अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम ड्राय यीस्ट, १० ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, साधारण ३०० मिली कोमट पाणी. कोकणातलं पीठ आधीच ओल धरून असतं, तेव्हा पाणी एकदम ओतू नये. मळायचं मात्र मनापासून, दहा मिनिटं तरी. आधी बोटांना चिकटून जीव नको करतं, मग गुळगुळीत होतं आणि ताणलं की पलीकडचा उजेड दिसेल इतकं पातळ पसरतं.

आई म्हणाली, "गोव्याकडचे पाववाले पूर्वी माडी घालून पीठ फुगवायचे." खरंय, माडीत, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसात, यीस्ट आपसूकच असतं. (आमच्या घरात ती पिठापर्यंत पोचेल याची मात्र खात्री नाही 😄)

ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंचवीसेक मिनिटं. तळाला टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. गरम पाव कापू नये म्हणतात, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं समोर असताना थांबतंय कोण?