डिकीतले चुरमुरे

बर्फाचं फावडं ठेवायला परवा दुपारी गाडीची डिकी रिकामी केली. चटई झटकली तर मूठभर चुरमुरे सांडले, शेवेचा चुरा सांडला आणि मुळांसकट वाळलेलं गवताचं एक ढेकूळ पडलं. चुरमुऱ्यांचं कळलं. ढेकळापाशी जरा अडलो. मग आठवलं, हे पोलोचं.

आम्ही पोलो बघायला जातो म्हटलं की पुण्याच्या मावशीला वाटतं, भाचा फारच मोठा झाला. खरा प्रकार असा: अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधलं पोर्ट्समथ, तिथलं ग्लेन फार्म, उन्हाळ्यातला शनिवार. मैदानाच्या कडेला गाडी उलटी लावायची, डिकी उघडायची, खुर्च्या मांडायच्या आणि उन्हं उतरेपर्यंत खात बसायचं. इकडे याला टेलगेटिंग म्हणतात. शेजारच्या गाडीपाशी पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ, फुलदाणी, सुपाएवढ्या टोप्या. आमच्याकडे सोलापुरी चादर आणि भेळ. कैरी घरून चिरून आणलेली मला चालत नाही. ती तिथंच, मांडीवर ताटली घेऊन चिरायची. यावरून दरवर्षी माझी टिंगल होते आणि दरवर्षी कैरी मीच चिरतो.

खेळ? खेळ चालू असतो. मैदान ३०० यार्ड लांब आणि १६० यार्ड रुंद. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की आठ घोडे आणि थोडी धूळ एवढंच दिसतं. त्यात प्रत्येक गोलनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. भारताचा संघ आला होता त्या शनिवारी आमच्यातला नगरचा गडी पुरती दहा मिनिटं समोरच्यांसाठी घसा फोडत होता. कुणी सांगितलं नाही. मजा येत होती.

सात मिनिटांनी घंटा होते, वर अर्धं मिनिट, की एक डाव संपला. त्या डावाला चकर म्हणतात. म्हणजे आपलं चक्करच. पहिल्यांदा लाउडस्पीकरवरून एका अमेरिकन गळ्यातून तो शब्द आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदम माना वर केल्या होत्या. जत्रेत आपल्या गावचा माणूस दिसावा तशा.

आणि मध्यंतर. घोड्यांच्या टापांनी मैदानातलं गवत जागोजाग उखडलेलं असतं. ती ढेकळं परत जागच्या जागी बसवायला प्रेक्षकांनाच आत सोडतात. टोप्यावाल्या बाया, सूटवाले बाप्ये, पोरंटोरं, सगळे खाली बघत पाय आपटत फिरतात. त्यांच्यासाठी ती गंमत. माझा पाय मात्र आपोआप वेगळा पडतो. आधी चवडा, मग टाच, आणि पुढं सरकायचं. उसाच्या ओल्या लावणीत बेणं असंच पायानं दाबत जायचं असतं. आजोबा मागून ओरडायचे, "डोळा वर ठेव रं, डोळा!" त्या डोळ्यातून कोंब फुटतो. ग्लेन फार्मच्या मैदानात कसला आलाय डोळा, तरी मी ढेकूळ उलटं तर नाही ना, हे बघून घेतो.

गाडी सोडून खात बसायची सवयही तिकडचीच. जुन्नरकडच्या जत्रेत बैलगाड्यांची शर्यत असायची. आम्ही पहाटेच गाडी जुंपून निघायचो. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला बैल सोडायचे, जू खाली टेकवायचं आणि गाडीच्या सावलीत धडपं अंथरायचं. आजी मासवडी डब्यात आणि रस्सा किटलीत आणायची. पुढं घोडी, मागं चार बैल, दहा-बारा सेकंदांत बारी संपली. "भिर्रर्र झाली!" भंडारा उडायचा आणि रश्श्यात पडायचा. आमचा सर्जा पाहुण्यांच्या गाड्याला जुंपायचे. त्याची बारी बघायला मी कितीदा चाकावर चढलो असेन. आठवतो तो किटलीचा वास.

हे सगळं डोक्यात आलं म्हणून दादाला फोन लावला. तिकडे रात्र होती. म्हणाला, "आता बैलगाडीनं कोण येतंय घाटावर? समद्या जीपा. डिकी उघडायची अन् जेवायला बसायचं." मी हसत सुटलो. तेच आम्ही इथं करतो म्हटलं.

मग विचारलं, "सर्जाच्या वंशातलं कुणी पळतं का अजून?"

"२०१४ ला कोर्टाची बंदी आली ना, तेव्हाच दावण मोकळी केली. पळायचं न्हाई तर नुसतं खायला कोण घालणार? पुढं शर्यती सुरू झाल्या, पण तोवर..." तो थांबला. "तुला सांगितलं व्हतं की मी."

सांगितलं असेल. तेव्हा मी कुठल्या तरी शनिवारी कैरी चिरत असणार.

चुरमुरे पाखरांना टाकले. फावडं आडवं ठेवलं तर डिकी लागेना, म्हणून तिरकं करून ठेवलं.