एकोणीस रुपयांचे मत

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, कापूस आणि तुरीच्या पट्ट्यातल्या काही गावांत, केबलची जोडणी देणे आणि महिन्याचे पैसे गोळा करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे मालिकांविषयी लोक काय बोलतात ते माझ्या कानावर रोजच पडते. परंतु जानेवारी २०१९ मधला एक दिवस असा उगवला की त्या बोलण्याला पहिल्यांदाच किंमत चिकटली.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची म्हणजे ट्रायची नवी दरपद्धत तेव्हा लागू होणार होती. त्याआधी आमच्या गावांत एका ठरलेल्या रकमेत सगळ्या वाहिन्या दिसत. नव्या पद्धतीत शंभर वाहिन्यांपर्यंतचे मूळ शुल्क १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी. झी मराठी १९ रुपये, सब टीव्हीही १९ रुपये. निवड कळवण्याची मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढवून मिळाली होती, म्हणून मी अर्जांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरत होतो. शेतात कापसाचा शेवटचा वेचा आणि तुरीची सवंगणी चालू असल्यामुळे माणसे घरी सापडायची ती सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावरच.

पहिल्याच घरात मला जाणवले की हा अर्ज भरून घेणे म्हणजे नुसत्या खुणा करणे नव्हे. मुलांना ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ हवा होता, तर वडिलांचे म्हणणे असे की २००८ पासून ती सोसायटी जिथल्या तिथे आहे, एखादा भाग चुकला तरी काही बिघडत नाही, मग त्यासाठी दरमहा पैसे का मोजायचे. आईने मात्र मुलांची बाजू घेतली. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून संकोच न बाळगता पाहावा असा तो एकच कार्यक्रम आहे, असे ती ठामपणे म्हणाली, आणि त्या घरात सब टीव्हीवर खूण झाली.

पुढच्या आळीतल्या एका वयस्कर शेतकऱ्याशी झालेले बोलणे मला अजून आठवते. झी मराठीवरचे ‘चला हवा येऊ द्या’ त्यांना प्रिय होते, तरी भारत गणेशपुऱ्यांच्या वऱ्हाडी बोलण्यावर सगळे हसतात तेव्हा त्यांना आनंदाबरोबर थोडे टोचतही असे. “आपली बोली आली का लोक हासाचीच तयारी ठेवते,” ते म्हणाले. “पन थो पोस्टमन पत्र वाचते नं, तवा कोनी हासत नाई.” सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात जी पत्रे वाचत, आणि जी अरविंद जगताप लिहीत, त्यांच्याविषयी ते बोलत होते. हसवून हसवून थकवल्यावर माणसाला ऐकायला बसवायचे, ही त्या कार्यक्रमाची रचना या काकाजींनी कोणत्याही समीक्षकापेक्षा कमी शब्दांत सांगितली, असे मला वाटते.

‘तुला पाहते रे’ या मालिकेतला वयाने बराच मोठा, श्रीमंत विक्रांत आणि तरुण ईशा यांच्या लग्नाविषयी तर प्रत्येक अंगणात वाद होता. तरुण मुलींना विक्रांत झालेले सुबोध भावे आवडत होते. त्यांच्या आयांना ईशाच्या बापाची काळजी होती. साडीच्या दुकानात नोकरी करणारा तो बाप त्यांना आपल्यातला वाटे. मजुरीहून परतलेली एक बाई म्हणाली, “पैसा असला का वय दिसत नाई भाऊ. हाच जावई गरीब असता तर गावानं तोंडात शेन घातलं असतं.” तिच्यामते मालिकेने हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो न विचारता सनई वाजवली.

खरा प्रसंग घडला तो संध्याकाळी, बचत गटाच्या एका घरी. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या आणि सूनबाई मिरची कुटून तिखटाच्या पुड्या बांधत होत्या. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही, दुसरीत गुंतलेल्या गुरुनाथची आणि त्याची बायको राधिकाची झी मराठीवरची मालिका, ऑगस्ट २०१६ पासून त्या दोघी बघत होत्या. राधिका नागपूरची, तिचे बोलणे आपल्याकडचे, म्हणून सुरुवातीला साऱ्या गावाला तिचे कौतुक होते.

“अडीच वर्सं झाले बाप्पा, थो गुरुनाथ काई सुधरत नाई,” सासूबाई म्हणाल्या. “मी काहून देऊ एकोनीस रुपये?”

सूनबाईंनी हातातली पुडी खाली ठेवली. त्यांचा आक्षेप गुरुनाथवर नव्हताच. “राधिकाची मसाल्याची कंपनी झाली, भाऊ. पन मिरची कोनाकून घेतली, चक्कीचं लाइट बिल कोनं भरलं, उधारी कोन वसूल करते, हे एका तरी भागात दाखवलं काय? आमचं तिखट दुकानदार ठेवून घेते अन् पैशाले पोळ्यापावेतो थांबवते.” इतके बोलून त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि झी मराठीसमोर स्वतःच्या हाताने खूण केली. कागदावर तिखटाचा तांबडा अंगठा उमटला. मी विचारले की एवढे पटत नाही तर पैसे का भरता. त्या म्हणाल्या, “कधी तरी दाखवतीन म्हनून तं पाह्यतो. हे आमचं मत तुमी त्याईले सांगसान काय?”

या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड गेले. मालिकांची लोकप्रियता मोजण्याचे काम बार्क ही संस्था करते, आणि २०१५ पासून त्या मोजणीत ग्रामीण घरेही आहेत. निवडक घरांत मीटर बसवलेले असते. ती घरे कोणती, हे गुप्त ठेवतात. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण तो मीटर ओळखतो, आणि घरातले कोण बघत आहे हे रिमोटवरच्या बटणावरून नोंदले जाते. दर गुरुवारी आकडे येतात. मी त्यांना हे सगळे समजावून सांगितले, आणि हेही सांगितले की चिडून पाहिलेला भाग आणि आवडीने पाहिलेला भाग या मीटरला सारखाच. माझा अर्जही त्याहून फारसा शहाणा नव्हता, कारण त्यावर निवडायची ती अख्खी वाहिनी. काकाजींना पोस्टमन हवा असेल तर गुरुनाथचेही पैसे त्यांनीच भरायचे.

“म्हंजे आमी पाह्यलं का त्याईले वाटते आमाले पटलं,” सूनबाई म्हणाल्या. मी होय म्हणालो. इतक्या वर्षांच्या धंद्यात प्रेक्षकाची इतकी रास्त तक्रार मी ऐकली नव्हती. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. ज्या कार्यालयात तो अर्ज गेला तिथे वाहिन्यांचे क्रमांक संगणकात भरले गेले, मागची बाजू कोणी उलटून पाहिली नाही.

पैशांचा निकाल मात्र त्या घरात त्याच वेळी लागला. सासूबाईंना नऊ वाजताची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सोडवत नव्हती आणि तीही त्याच वाहिनीवर होती. करासह होणाऱ्या साधारण बावीस रुपयांपैकी निम्मे त्या देतील, निम्मे सून आपल्या तिखटाच्या पैशांतून देईल, आणि संभाजी महाराजांच्या वेळेला घरात कोणी मिरची कुटायची नाही, असे ठरले.