बारीक पोटऱ्या आणि गुडघ्यापर्यंतचे बूट

इंग्लंडात थंडी सुरू झाली की सगळ्या बायका गुडघ्यापर्यंतचे बूट घालून मस्त फिरतात आणि आमच्या पोटऱ्या ३१ सेंमी, म्हणजे बुटात पाय घातला की बाजूला अजून एक हात जाईल एवढी जागा, बादलीत काठी उभी केल्यासारखं दिसतं अगदी. कारण साधं आहे, नेहमीच्या बुटांचा घेर ३५ ते ३८ सेंमीच्या आसपास असतो आणि पावलाचा नंबर वाढला की घेरही वाढतो, त्यामुळे पाऊल मोठं पण पोटरी बारीक असली की मेलोच.

तर आधी टेप घ्या, खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, शक्यतो संध्याकाळी, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. जीन्स आत खोचणार असाल तर जीन्सवरूनच मोजा. मग ऑनलाइन बघताना घेराचा आकडा दिलाय का ते बघायचं, नुसतं ‘स्लिम फिट’ लिहिलंय त्यावर माझा काडीचा विश्वास नाही! ड्युओ नावाचा ब्रिटिश ब्रँड पोटरीच्या मापाप्रमाणे बूट देतो, पण स्वस्त नाहीत हं. स्टुअर्ट वाइट्झमन या ब्रँडच्या फिफ्टी-फिफ्टी नावाच्या बुटांना मागे स्ट्रेच कापड असतं, ते पायाला धरून बसतं, किंमत मात्र बघू नका.

बजेट कमी असेल तर साधे लेदरचे चेनवाले घ्या आणि चांगल्या मोच्याकडून मागच्या शिवणीतून आत घ्यायला सांगा, रेक्झिनचे नको.